सुईदोऱ्याची सहभागिता

(भगिनीमंडळाच्या अभ्यासासाठी पाठ)

वाचन : निर्गम ३५:२५-३५, प्रेषितांची कृत्ये ९:३६-४२ व १८:१-३



काही वर्षांपूर्वी नाताळाच्या अगोदर आमच्या मंडळीतील भगिनींनी घरोघरी फिरून जुने कपडे गोळा केले आणि खानापूरच्या पलीकडे, रानालगतच्या एका सिद्दी वाडीत नेऊन वाटले. तेथील एका म्हाताऱ्या आजीने आपले गाठोडे आमच्यासमोरच सोडले. एकेक कपडा तिने बोटांनी चाचपून पाहिला आणि दोन ढीग केले. एका ढिगात सुती लुगडी, धोतरे, परकर. दुसऱ्यात नायलॉन, टेरिलीन. दुसरा ढीग तिने आमच्याकडे परत सरकवला. आमच्यातील एकदोघींना ते आवडले नाही. दान घेताना निवड करावी, हे त्यांना बरे वाटले नाही. आजीने मात्र सहज सांगितले की, हे कपडे अंगात घालण्यासाठी नकोत, कवंदी शिवण्यासाठी हवेत. आणि गुळगुळीत कापडात सुई धड बसत नाही, टाका सरकतो.

त्या दिवशी आम्ही देणाऱ्या म्हणून गेलो होतो, पण कापडाचे ज्ञान आजीजवळ होते. आपल्या मंडळ्यांतून शिवणवर्ग चालतात, जुने कपडे वाटले जातात, ही चांगली कामे आहेत. परंतु वस्तू देणे आणि कला वाटून घेणे ह्यांत अंतर आहे. ते अंतर कोणते, हे ह्या पाठात आपण पाहू.

१. शास्त्रातील तीन चित्रे

पहिले चित्र रानातील निवासमंडपाचे आहे. निर्गमाच्या ३५ व्या अध्यायात ज्या स्त्रियांच्या हातांत कसब होते, त्यांनी सूत कातून आणले असे सांगितले आहे. त्यानंतर बसालेल व अहलियाब ह्या कारागिरांची नावे येतात. येथे ३४ वे वचन लक्षपूर्वक वाचावे. देवाने त्यांना केवळ कौशल्य दिले असे तेथे म्हटलेले नाही; दुसऱ्यांना शिकवण्याची बुद्धीही दिली असे म्हटले आहे. कसब हे एक दान आणि ते शिकवण्याची इच्छा हे दुसरे दान. पुष्कळांजवळ पहिले असते व दुसरे नसते.

दुसरे चित्र यापो गावचे. तबीथा, म्हणजे दुर्कस, मरण पावली. पेत्र आला तेव्हा विधवा रडत त्याच्याभोवती उभ्या राहिल्या व तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रे त्याला दाखवू लागल्या. कोणी तिची स्तुती करणारे भाषण केले नाही. त्यांनी कपडे दाखवले, एवढीच तिच्या कामाची साक्ष. शिवाय ३९ व्या वचनात एक बारीक गोष्ट आहे. ती त्यांच्याबरोबर असताना तिने हे कपडे केले होते. दुरून पाठवलेले गाठोडे ते नव्हते.

तिसरे चित्र करिंथ येथील. पौल, अक्विल्ला व प्रिस्किल्ला ह्यांचा धंदा एकच, तंबू करण्याचा. म्हणून पौल त्यांच्या घरी राहिला आणि त्यांच्याबरोबर काम करू लागला. हे काम पोटासाठी होते, आणि त्यात कमीपणा नव्हता.

शिकवणे, बरोबर असणे आणि कष्टाने पोट भरणे, हे तीन मुद्दे मनात ठेवून आपण दोन ठिकाणांकडे पाहू. एक फार दूरचे आहे आणि दुसरे अगदी शेजारचे.

२. नदीच्या वळणातील गाव

अमेरिकेच्या अलाबामा राज्यात अलाबामा नदीने एक मोठे वळण घेतले आहे. त्या वळणात, तीन बाजूंनी पाण्याने वेढलेले एक गाव आहे. सरकारी कागदांत त्याचे नाव बॉयकिन. पण लोक त्याला जीज् बेंड, म्हणजे जी ह्याचे वळण, असे म्हणतात. जोसेफ जी नावाच्या जमीनदाराने १८१६ मध्ये गुलामांना आणून तेथे कापसाचा मळा वसवला. पुढे हा मळा पेटवे नावाच्या मालकाकडे गेला. त्या गुलामांच्या वंशजांपैकी पुष्कळांचे आडनाव आजही पेटवे आहे.

गुलामगिरी सुटली तरी जमीन त्यांची झाली नाही. कापूस पिकवायचा, पण दुसऱ्याच्या शेतात आणि उधारीवर. १९३० नंतर कापसाचे भाव कोसळले. १९३२ मध्ये उधारी देणारा व्यापारी मरण पावला, तेव्हा त्याच्या वारसांनी सुमारे ६० कुटुंबांची जनावरे, अवजारे, साठवलेले धान्य, सारे काही वसुलीसाठी ओढून नेले. तो हिवाळा लोकांनी मोठ्या हालांत काढला.

अशा घरांतून गोधड्या शिवल्या जात होत्या. लाकडी झोपड्यांच्या फटींतून थंडी आत येई. भिंतींना वर्तमानपत्रे चिकटवत आणि मुलांच्या अंगावर एकावर एक गोधड्या घालत. विकत कापड कोठून आणणार? शेतात झिजलेल्या विजारी, सदरे, पिठाच्या व खताच्या पिशव्या हेच त्यांचे कापड. निळ्या विजारीच्या गुडघ्यावर जेथे ठिगळ होते, तेथला रंग गडद राहिलेला असे आणि भोवतालचा उडालेला असे. ते तुकडे तसेच जोडले की त्यातून आपोआप नक्षी उभी राही.

मिसूरी पेटवे नावाच्या स्त्रीने १९४२ मध्ये, पती वारल्यावर, त्याचे शेतात वापरायचे कपडे फाडून एक गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी आणि तिच्या पांघरुणात त्याची ऊब मिळावी, एवढाच तिचा हेतू होता. आपल्याकडे आजोबांच्या धोतराची किंवा आईच्या लुगड्याची गोधडी ज्यांनी पांघरली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

तेथील कामाची रीत अशी. गोधडीचा वरचा थर, म्हणजे तुकड्यांची जोडणी, प्रत्येक स्त्री आपल्या घरी एकटी करी. रंग तिचे, मांडणी तिची, त्यात कोणी ढवळाढवळ करीत नसे. पण वरचा थर, मधला कापूस आणि खालचे अस्तर एकत्र टाचण्याच्या वेळी शेजारणी जमत. लाकडी चौकटीवर गोधडी ताणून चहूबाजूंनी बसत, आणि शिवताना गाणी व प्रार्थना चालत. प्रत्येकीचे मन तिचे स्वतःचे, टाके मात्र सगळ्यांचे.

३. टाक्यांतून उभी राहिलेली संस्था

१९६० नंतर तेथील काळ्या लोकांनी मतदारयादीत नाव नोंदवण्यासाठी प्रयत्न सुरू केले. त्या परगण्यात बहुसंख्या त्यांचीच होती, तरी १९६५ च्या आरंभी यादीत त्यांपैकी जवळजवळ कोणाचेही नाव नव्हते. नोंदणीचे ठिकाण नदीपलीकडे कॅमडेन येथे. १९६२ मध्ये गावाची तर बंद झाली, आणि पलीकडे दिसणाऱ्या गावी जाण्यासाठी सुमारे ४० मैलांचा वळसा घ्यावा लागू लागला. तर पुन्हा सुरू झाली ती २००६ मध्ये! डॉ. मार्टिन लूथर किंग १९६५ मध्ये ह्या गावी येऊन गेले. ज्यांनी नावे नोंदवली, त्यांपैकी कित्येकांना घरांतून व जमिनींवरून हाकलण्यात आले.

ह्या अन्यायाची नोंद करीत फिरणारे फ्रान्सिस वॉल्टर नावाचे एपिस्कोपल चर्चचे पाळक होते. १९६५ च्या डिसेंबरात त्यांना एका झोपडीबाहेर दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या दिसल्या. त्यांचे रंग व मांडणी पाहून ते थांबले. गोधड्या वाटून टाकण्यासाठी न मागता, त्यांनी त्या विकत घेतल्या, प्रत्येकी १० डॉलर देऊन, आणि न्यूयॉर्कमध्ये त्यांचा लिलाव केला. त्या भागातील स्त्रियांना एका गोधडीला तोवर एवढे पैसे कधी मिळाले नव्हते.

मार्च १९६६ मध्ये त्या स्त्रियांनी आपली सहकारी संस्था स्थापन केली. तिचे नाव फ्रीडम क्विल्टिंग बी. ‘बी’ म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एकत्र जमून करावयाचे काम. आपल्याकडील सावड आठवावी. एस्टेल विदरस्पून ह्या तिच्या प्रमुख सभासदांपैकी एक. संस्थेने जमीन घेतली आणि १९६९ मध्ये त्यावर शिवणकेंद्राची इमारत उभी राहिली. घरांतून हाकललेल्या काही कुटुंबांना तिने त्याच जमिनीतून तुकडे विकत दिले. ज्या हातांनी गोधडी शिवली, त्याच हातांनी दुसऱ्याच्या डोक्यावर छप्पर आणले. कामाला येणाऱ्या आयांच्या मुलांसाठी बालवाडीही सुरू झाली.

परंतु सारे गोडच झाले असे नाही. मोठ्या दुकानांना एकसारखा माल हवा होता. टाका ठरावीक लांबीचा, नक्षी पुस्तकातली, रंग सांगतील ते. पैसा नियमित येई, पण घरी ज्या स्त्रीने कधी दोन गोधड्या सारख्या केल्या नव्हत्या, तिला येथे शंभर सारख्या कराव्या लागत. १९७२ पासून सीअर्स ह्या मोठ्या दुकानासाठी कॉर्डरॉयच्या उशांचे अभ्रे शिवण्याचे काम आले. उरलेली कॉर्डरॉयची कात्रणे बायका घरी नेत, आणि तेथे पुन्हा आपल्या मनासारख्या गोधड्या करीत. बाजाराने दिलेल्या कात्रणांतूनही त्यांनी आपले स्वातंत्र्य शिवून काढले.

२००२ मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयात व त्यानंतर न्यूयॉर्क येथे जीज् बेंडच्या गोधड्यांचे प्रदर्शन झाले. २००६ मध्ये अमेरिकेच्या टपालखात्याने त्यांच्या चित्रांची तिकिटे काढली. कीर्ती झाली, पण त्याबरोबर प्रश्नही आला. नक्षी कोणाची, आणि तिच्या चित्रांतून मिळालेल्या पैशांचा वाटा कोणाला? काही स्त्रियांनी २००७ मध्ये न्यायालयात दावे लावले. पुढच्या वर्षी ते आपसांत मिटले. सहकारी संस्था वृद्ध सभासदांमुळे हळूहळू मंदावत गेली व २०१२ मध्ये बंद झाली. गावात मात्र शिवणे चालूच राहिले.

४. शेजारचा धडा

आता घराजवळ येऊ. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड ह्या भागांत, तसेच बेळगाव जिल्ह्यातील खानापूर व धारवाड जिल्ह्यातील कलघटगी ह्या बाजूस सिद्दी लोकांच्या वाड्या आहेत. ह्यांचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतले. त्यांतील पुष्कळांना पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी गुलाम करून गोव्यात आणले. कित्येक जण तेथून पळून घाटावरच्या रानात शिरले. त्यांच्या बोलण्यात कोकणी, कन्नड व मराठी मिसळलेल्या आहेत. त्यांच्यात कॅथलिक आहेत, मुसलमान आहेत, हिंदूही आहेत. २००३ मध्ये त्यांना अनुसूचित जमातीत घेतले गेले.

त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. जीज् बेंडच्या रीतीप्रमाणे येथे आधी वरचा थर जोडून मग शिवत नाहीत. खाली जुन्या लुगड्याचे अस्तर पसरायचे, एका कोपऱ्यापासून तुकडे ठेवीत व धावदोरा घालीत कडेकडेने जायचे, आणि फेरीमागून फेरी करीत मध्यभागी येऊन संपवायचे. तुकडा जोडणे आणि थर शिवणे ही दोन्ही कामे एकाच टाक्यात होतात. शेवटी चारही कोपऱ्यांवर त्रिकोणी घडीची लहान ‘फुले’ लावतात. फुलांवाचून कवंदी उघडीनागडी दिसते, असे त्या म्हणतात. कॅथलिक बायांच्या कवंदीत क्रूस असतो, मुसलमान बायांच्या कवंदीत चंद्रकोर. टाका मात्र दोघींचा एकच.

अमेरिकेतील कलेचे अभ्यासक हेन्री ड्रुअल ह्यांनी ह्या बायांबरोबर काम केले, आणि २००४ मध्ये सिद्दी स्त्रियांची गोधडी शिवणारी सहकारी संस्था उभी राहण्यास मदत झाली. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या शोम्बर्ग केंद्रात कवंद्यांचे प्रदर्शन झाले. आपल्या बाजारापासून तासा-दोन तासांच्या वाटेवरची कला साता समुद्रांपलीकडच्या लोकांनी रांगेने येऊन पाहिली. आणि आपण मात्र तेथे जुने कपडे टाकून परत आलो होतो!

ह्यात आपल्याला लाज वाटावी एवढाच हेतू नाही. आपल्या घरांतही हीच कला आहे. देशावर तिला वाकळ किंवा गोधडी म्हणतात, सीमाभागात कौदी म्हणतात. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या कुटुंबांतील किती आज्यांनी ती नातवंडांसाठी शिवली असेल! त्या आजींपैकी किती जणींना आपण शिकवायला बसवले?

५. पाठातून घ्यावयाचे बोध

पहिला बोध : शिकवणारीला मान द्यावा. शिवणवर्ग म्हणजे शहरातल्या शिकलेल्या बाईने गरीब बाईला शिकवणे, अशी आपली समजूत असते. पुष्कळदा गोष्ट उलटी असते. ज्या आजीला वाचता येत नाही, तिच्या बोटांत साठ वर्षांचे ज्ञान आहे. वर्गात तिला खुर्ची द्यावी आणि तिचे नाव फळ्यावर लिहावे.

दुसरा बोध : बरोबर बसावे. दुर्कस विधवांबरोबर होती. जीज् बेंडच्या बाया एका चौकटीभोवती बसत. जमिनीवर पसरलेल्या गोधडीच्या चार बाजूंना चार जणी बसल्या की बोलणे आपोआप सुरू होते. जी सभेत उभी राहून आपले दुःख सांगणार नाही, ती सुईकडे पाहत सांगते. हे मंडळीच्या भेटीगाठींचे काम आहे, पण त्याला कोणी तसे नाव देत नाही.

तिसरा बोध : मोल न्याय्य असावे. चर्चच्या विक्रीत हाताने केलेली गोधडी ‘चर्चसाठी’ म्हणून पडेल भावाला विकली जाते. आपण साधा हिशेब करू. समजा, एक बाई रोज चार तास याप्रमाणे दहा दिवस गोधडी शिवते. म्हणजे चाळीस तास, म्हणजे आठ तासांचे पूर्ण पाच दिवस. तर तिला निदान पाच दिवसांची मजुरी मिळाली पाहिजे. कापड व दोरा ह्यांचे वेगळे. ह्यापेक्षा कमी किंमत ठेवली, तर उरलेले दान आपण दिले नाही, त्या गरीब बाईने दिले. देणगी द्यावयाची असेल तर ती आपल्या खिशातून द्यावी, तिच्या बोटांतून नव्हे.

चौथा बोध : तिची नक्षी तिची राहू द्यावी. दुकानात खपेल म्हणून सगळ्यांना एकच नमुना देणे सोपे असते, आणि कधी पोटासाठी ते करावेही लागते. परंतु प्रत्येकीला निदान एक गोधडी आपल्या मनाने करू द्यावी. आणि ती विकली गेली किंवा तिचे चित्र छापले, तर खाली तिचे नाव असावे.

६. करून पाहण्यासाठी

पुढील महिन्याच्या सभेत एक लहान, पाळण्याच्या मापाची गोधडी करावी. कृती अशी :

(१) जुने सुती कपडे गरम पाण्यात धुऊन खळ काढून टाकावी. नायलॉन व टेरिलीन घेऊ नये.
(२) खाली मऊ लुगड्याचे अस्तर, मध्ये दोन किंवा तीन जुन्या कापडांचे थर पसरून सुरकुत्या काढाव्यात व मोठे कच्चे टाके घालून थर धरून ठेवावेत.
(३) वर तुकडे ठेवावेत. कडा आत दुमडून घ्याव्यात.
(४) जाड सुती दोऱ्याने एका कोपऱ्यापासून कडेने धावदोरा घालीत मध्याकडे यावे. टाके मोजून सारखे नसले तरी चालेल, पण बाळाची बोटे अडकतील इतके सैल नसावेत.
(५) शेवटी कच्चे टाके काढून गोधडी उन्हात वाळवावी.

ही गोधडी कोणाला द्यावयाची हे शिवण्याआधी ठरवावे, आणि त्या बाळाच्या आईलाही शिवायला बोलवावे.

७. चर्चेसाठी प्रश्न

(१) निर्गम ३५:३४ मध्ये शिकवण्याच्या दानाचा उल्लेख का आला असावा?
(२) दुर्कस मंडळीत असती तर आपल्या शिवणवर्गात तिने काय बदलले असते?
(३) आपल्या मागील विक्रीत हातच्या वस्तूंची किंमत कोणी ठरवली? शिवणारीला विचारले होते काय?
(४) आपल्या गावात किंवा शेजारी असे कोणते हातकाम आहे, ज्याकडे आपण केवळ गरिबीची खूण म्हणून पाहिले?

शेवटी त्या आजीविषयी. दुसऱ्या वर्षी आमच्यातील दोघी पुन्हा त्या वाडीत गेल्या. ह्या खेपेस गाठोड्यात सारे सुती होते. कपडे देऊन त्या लगेच निघाल्या नाहीत. आजीच्या अंगणात बसून त्यांनी कवंदी शिकायला घेतली. तिन्हीसांजेपर्यंत एक कोपरा झाला. टाके वाकडे पडले म्हणून आजीने दोनदा उसवायला लावले. ज्या भगिनीला गाठोडे परत सरकवल्याचा राग आला होता, तीच त्या दोघींतली एक. कोपऱ्यावरचे फूल जमले तेव्हा आजीने तिच्या पाठीवर हात ठेवला. ती सांगते, शाळा सोडल्यापासून कोणी आपले काम तपासून बरोबर म्हटल्याचा तो पहिला दिवस.